प्रार्थनेत काहीच वाटेनासं झालं, तर

आमच्या चर्चच्या मंडळीतल्या मुली अधूनमधून विचारतात, "मावशी, प्रार्थनेला बसते पण काहीच वाटत नाही. काय करू?" सगळी नोकरी नर्स म्हणून गेली, त्यामुळे माझा पहिला प्रश्न ठरलेला: कधीपासून? मग बहुतेकींचं उत्तर येतं, "पूर्वी वाटायचं." म्हणजे तहान शाबूत आहे. मला काळजी वाटते ती तहान न लागणाऱ्याची.

1972 च्या दुष्काळात मी दहा वर्षांची होते. सीनेच्या कोरड्या पात्रात आई वाळू उकरून झिरा करायची आणि आम्ही काठाशी बसून राहायचो. तळाला पाणी पाझरून साठलं की करवंटीने अलगद घागरीत घ्यायचं. घाईने करवंटी तळाला घासली की सगळं गढूळ, पुन्हा वाट बघा. प्रार्थनेला बसायचं ते असं.

जागा एकच धरा. माझी ओट्याशेजारची लाकडी खुर्ची आहे. पहाटे पाच ते पाच वीस. फोन दुसऱ्या खोलीत, आणि शास्त्र, म्हणजे बायबल, छापील घ्या. फोनवर वाचायला गेलं की स्तोत्रातल्या हर्मोन डोंगरापर्यंत पोचेतो कुणाचा तरी वाढदिवस येतो.

वाचायला स्तोत्र 42 आणि 43, सलग. आपल्या शास्त्रात ती दोन छापली असली तरी धृपद एकच आहे: कवी आपल्याच जिवाला विचारतो, तू इतका खिन्न का? ते तीनदा येतं. मोठ्याने वाचा, सावकाश. हरिणी पाण्यासाठी "लुलपते" हा शब्द तर तोंडात घोळवा. "तहानलेली आहे" म्हणून ते भागत नाही. आठवडाभर हेच वाचा, रोज नवीन उतारा नको. जिथे टोचेल तिथे थांबा. त्या दिवशी पुढचं राहिलं तरी चालेल.

मग तक्रार करा. हे शिकायला मला फार वेळ लागला. नवव्या ओवीत कवी देवाला "माझा खडक" म्हणतो आणि त्याच दमात विचारतो, मला का विसरलास? आमचे हे गेले तेव्हा मी वर्षभर शहाण्यासारखी "तुझी इच्छा" म्हणत होते आणि आत सगळं दगड झालं होतं. एका पहाटे ओरडलेच, "तू होतास कुठे?" शेजारच्या काकू दार वाजवायला आल्या. एकट्या बाईच्या घरात भांडण कुणाशी चाललंय, त्यांना कळेना. पण त्या दिवसापासून प्रार्थना माझ्या तोंडून यायला लागली, पाठ केलेली राहिली नाही.

तक्रारीनंतर आठवण. चौथ्या ओवीत तो पूर्वीचे दिवस आठवतो. तुम्हीही वहीत लिहा, देव जवळ वाटला तो शेवटचा प्रसंग, बारीकसारीक तपशिलासकट. माझा रात्रपाळीचा आहे. तीनचा सुमार, सलाईनचे थेंब मोजताना मी ना. वा. टिळकांचं एक पद गुणगुणत होते. पेशंटची आई, गळ्यात तुळशीची माळ, खाली सतरंजीवर पडली होती. मी गप्प झाले तशी म्हणाली, "म्हणा की बाई, थांबला का?" टिळकांनी ख्रिस्त अभंगाच्या चालीत आणला, म्हणून त्या माउलीला परका वाटला नाही. त्या वॉर्डात तिघं होतो, असं मी वहीत लिहिलंय. पेशंट झोपला होता, त्याला धरलेलं नाही.

आणि कवीला आठवतं काय, तर लोकांच्या मेळ्याबरोबर देवाच्या घरी जाणं. म्हणून रविवार चुकवू नका. मन कोरडं असेल तर कोरडं घेऊन बाकावर बसा, गायनात ओठ हलले तरी पुरे.

वीस मिनिटं झाली की उठा. काही वाटेपर्यंत बसून राहणं म्हणजे करवंटी तळाला घासणं. आणि आठवडेच्या आठवडे झोप नाही, अन्न गोड लागत नाही, असं असेल तर डॉक्टरांकडे जा. त्याने विश्वास कमी होत नाही, हे नर्स म्हणून सांगते.

एक गंमत मला उशिरा दिसली. हा कवी बसलाय यार्देन (जॉर्डन) नदी आणि हर्मोन डोंगराच्या प्रदेशात, जिथे यार्देनेचे झरे फुटतात. कानात धबधब्यांचा आवाज, अंगावरून लाटा, आणि हा म्हणतो मी तहानलेला. शेवटीसुद्धा तो घरी पोचत नाही. 43 मध्ये "वेदीजवळ जाईन" म्हणतो, गेलो म्हणत नाही. आणि परत तेच धृपद.

मुली विचारतात, मग पुढे पोचला का? मी म्हणते, उद्या पाचला उठून परत वाच.