करडईवरचा मावा आणि रेसिड्युअलचं नरसाळं

एमएस्सीच्या प्रयोगासाठी सोलापूरजवळ करडई पेरली होती. मावा (रस शोषणारी बारीक कीड) कोणत्या औषधाने आटोक्यात येतो, ते पाहायचं होतं. 8 ट्रीटमेंट (औषधं आणि न फवारलेला कंट्रोल), 3 रिप्लिकेशन (प्रत्येकाची तीनदा पुनरावृत्ती), रँडमाइज्ड ब्लॉक डिझाइन (शेताचे ब्लॉक पाडून प्रत्येकात सगळ्या ट्रीटमेंट चिठ्ठ्या टाकल्यासारख्या वाटायच्या), म्हणजे 24 प्लॉट. प्रत्येक प्लॉटमधल्या 5 झाडांच्या शेंड्याच्या 5 सेंमीवरचा मावा मोजायचा. अख्खं सोलापूर गड्ड्याच्या जत्रेत आणि मी काट्यांत. (पायांना गोणपाट गुंडाळा, हे कुणी आधी सांगत नाही.)

फवारलेल्या प्लॉटांत आकडे शून्य, दोन, पाच. कंट्रोलमध्ये शंभराच्या पुढे. मी चोवीसही आकडे एकत्र करून शापिरो-विल्क (आकडे घंटेच्या आकाराच्या नॉर्मल वितरणात बसतात का, हे पाहणारी चाचणी) लावली, 'नॉर्मल नाही' दिसल्यावर घाबरलो आणि सरळ क्रुस्कल-वॉलिस (नॉर्मल वितरण न मानता क्रमांकांवरून गटांची तुलना करणारी चाचणी) केली. दोन्ही चुकलं. औषधांचा परिणाम खरंच वेगवेगळा असेल तर एकत्र आकडे वाकडे दिसणारच. तपासायचे ते रेसिड्युअल, म्हणजे ट्रीटमेंट आणि ब्लॉकचा वाटा काढून उरलेलं. आणि क्रुस्कल-वॉलिसला ब्लॉक कळतच नाहीत. तिथे फ्रीडमन लागते, तीही क्रमांकांचीच चाचणी, पण ब्लॉक धरून.

एका सीनियरने फिटेड व्हॅल्यूसमोर (मॉडेलने काढलेल्या अपेक्षित आकड्यांसमोर) रेसिड्युअल मांडायला लावले. चक्क नरसाळं! सरासरी वाढेल तसा पसारा वाढत होता. एक ठिपका तर पार कडेला; वही काढली, तर 41 चे 410 टाइप झालेले. ते दुरुस्त केलं, नरसाळं राहिलंच.

माझ्या मते नवख्यांनी घाबरायचं ते या नरसाळ्याला. रिप्लिकेशन सारखी असली की थोडी तिरकी रेसिड्युअल एफ-टेस्ट (ट्रीटमेंटमध्ये एकूण फरक आहे का, हे सांगणारी चाचणी) पचवते. पण क्रिटिकल डिफरन्स (दोन सरासरींत निदान किती फरक असला तर तो खरा मानायचा, तो आकडा) काढताना सगळ्यांसाठी एकच एरर वापरतो. कंट्रोलचा दांडगा पसारा त्यात मिसळतो आणि दोन चांगल्या औषधांमधला फरक गिळून टाकतो.

आधी वर्गमूळ घेतलं. नरसाळं अरुंद झालं, गेलं नाही. वर्गमूळ चालतं ते व्हेरियन्स (पसाऱ्याचं माप) सरासरीच्या प्रमाणात वाढत असेल तेव्हा. मावा वसाहतीने बसतो, त्याचा व्हेरियन्स त्याहून कितीतरी झपाट्याने वाढतो. मग प्रत्येक आकड्यात 1 मिळवून लॉग घेतला. ठिपके सारखे पसरले, क्यू-क्यू प्लॉटही (रेसिड्युअल नॉर्मल असतील तर सरळ रेषेत येणारा आलेख) बऱ्यापैकी सरळ झाला. हल्ली आर (R) या संगणक-प्रणालीत निगेटिव्ह बायनोमियल मॉडेल (अशा झुबक्यांनी येणाऱ्या मोजणीसाठीचं) थेट मूळ मोजणीवर बसवता येतं. आज प्रयोग केला तर तेच करेन. रोगाच्या टक्केवारीला सवयीने आर्कसाइन (टक्केवारी बदलून घेण्याचं जुनं सूत्र) लावू नका, किती झाडांपैकी किती रोगट हे माहीत असेल तर बायनोमियल मॉडेल (रोगट की निरोगी, अशा दोनच शक्यतांचं) बरं.

तक्त्यात मूळ सरासरी दिली, कंसात लॉगची. तुलना मात्र कंसातल्या आकड्यांचीच.

व्हायव्हात (तोंडी परीक्षेत) पहिलाच प्रश्न आला, "हा 1 कशाला मिळवलात?"

"सर, शून्याचा लॉग निघत नाही."