जिल्हा परिषद शाळेसाठी लोकवर्गणी: ठरावापासून हिशेबापर्यंत

"शाळेला मदत करा" म्हणत गावात फिरलं की लोक पन्नास-शंभर रुपये हातावर ठेवतात आणि विषय तिथेच संपतो. "दुसरीच्या वर्गाला इन्व्हर्टर हवाय, २४ हजार लागतात, ९ हजार जमलेत" असं सांगितलं की तोच माणूस विचारतो, "उरले किती?" लोकवर्गणीचं निम्मं काम या एका फरकात आहे. आधी वस्तू ठरवा, मग पैसे मागा.

ठराव आणि यादी

शिक्षण हक्क कायदा, २००९ प्रमाणे प्रत्येक सरकारी शाळेत शालेय व्यवस्थापन समिती असते. तिचे तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्मे सदस्य महिला असायला हव्यात. पालक-शिक्षक संघ किंवा माता-पालक संघ वर्गणी गोळा करणार असेल, तरी ठराव याच समितीत करा. इतिवृत्तात चार गोष्टी स्पष्ट हव्यात: कोणती वस्तू, अंदाजे खर्च, पैसे कोणत्या खात्यात जमा होणार, आणि पावती पुस्तक कोणाच्या ताब्यात राहणार.

यादी करताना सरकारी पैशातून काय होतं ते आधी बाजूला काढा. ३१ ते १०० पटाच्या शाळेला समग्र शिक्षा या केंद्राच्या योजनेतून वर्षाला २५ हजार रुपये संयुक्त अनुदान मिळण्याचा निकष आहे. खडू, किरकोळ दुरुस्ती, स्वच्छता त्यातून भागते. पिण्याचं पाणी, हात धुण्याची जागा, स्वच्छतागृह यांसाठी लोकांकडे जाऊ नका. ग्रामपंचायतीला वित्त आयोगाकडून येणारा बंधित निधी पाणी आणि स्वच्छतेसाठीच असतो. ग्रामपंचायत विकास आराखडा तयार होत असतानाच ग्रामसभेत शाळेची मागणी लेखी द्या आणि ती ठरावात आली का ते पाहा. आराखडा मंजूर झाल्यावर गेलात तर वर्ष वाया जातं.

उरलेल्या यादीतून एका वर्षात होतील एवढीच कामं निवडा. समजा ८४ पटाची शाळा आहे. दोन वर्गांची रंगरंगोटी ४० हजार, टीव्ही आणि तो भिंतीवर बसवणं ३० हजार, इन्व्हर्टर-बॅटरी २४ हजार, पुस्तकांचं कपाट १४ हजार, देखभालीची शिल्लक १२ हजार. एकूण १ लाख २० हजार. हे आकडे नमुन्यादाखल आहेत. प्रत्येक वस्तूसाठी तालुक्यातल्या तीन दुकानांची दरपत्रकं घ्या आणि ती फाइलला लावा. खोली बांधायची किंवा भिंत पाडायची असेल, तर गटशिक्षणाधिकाऱ्यांमार्फत जिल्हा परिषदेची लेखी परवानगी मिळेपर्यंत वर्गणी सुरूच करू नका. परवानगीविना जमवलेले पैसे खात्यात पडून राहतात आणि गावात कुजबुज सुरू होते.

स्नेहसंमेलन

ग्रामीण शाळेत सगळ्यात जास्त रोख रक्कम इथे जमते, आणि गळतेही इथेच. नाचगाण्यांवर ५१, १०१, ५०१ अशी बक्षिसं माइकवरून पुकारली जातात. घोटाळा बहुतेक वेळा चोरीचा नसतो; रक्कम आधी पुकारली जाते आणि हातात नंतर येते, किंवा येतच नाही. म्हणून रंगमंचाशेजारी टेबल मांडून तीन माणसं बसवा. एकाने पैसे घ्यायचे, दुसऱ्याने अनुक्रमांक छापलेली पावती कार्बनसह फाडायची, तिसऱ्याने वहीत नोंद करायची. पावती फाटल्यावरच नाव आणि रकमेची चिठ्ठी निवेदकाकडे जाईल. "उद्या देतो" म्हणणाऱ्यांसाठी वेगळं पान ठेवा आणि आठ दिवसांत घरी जा. त्यानंतर मागणं दोघांनाही अवघड होतं. ऑनलाइन पैशांसाठीचा क्यूआर कोड शाळेच्या खात्याचाच हवा. मुख्याध्यापकांच्या किंवा अध्यक्षांच्या खासगी नंबरवर एक रुपयाही घेऊ नका, हेतू कितीही स्वच्छ असो.

बक्षिसाची सगळी रक्कम शाळेच्या कामासाठी आहे, हे निमंत्रणपत्रिकेवर छापा. नाहीतर "माझ्या नातीला दिलेले पैसे कुठे गेले?" हा प्रश्न येणारच.

वेळेचं गणितही आधी करा. नाच पाच मिनिटांचा असला तरी बक्षिसं वाचण्यासह नऊ मिनिटं जातात. २२ कार्यक्रम म्हणजे सुमारे सव्वातीन तास. सहाला सुरू केलं तर साडेनऊच्या आत संपतं. ३० घेतले की साडेदहा होतात, आणि ध्वनिक्षेपक रात्री दहाला बंद करावा लागतो. मंडप, साउंड, लाइट यांसाठी आधीच एकेक दाता गाठा. खर्च जमेच्या एक तृतीयांशावर गेला तर पुढच्या वर्षी साउंड लहान करा. भाड्याचे पोशाख लागणारे नाच कमीच ठेवा. त्या भाड्यापायी ज्यांना परवडत नाही त्यांची मुलं मागे राहतात, आणि हे कुठल्याही जमेपेक्षा महाग पडतं.

त्याच रात्री पैसे मोजा, कोणत्या नोटा किती ते लिहा, तिघांच्या सह्या घ्या आणि बँक उघडेल त्या दिवशी भरा. वर्गणीसाठी अनुदानापासून वेगळं खातं ठेवलं तर लेखापरीक्षण सोपं जातं.

माजी विद्यार्थी, पतसंस्था, कंपन्या

जनरल रजिस्टरमधून, म्हणजे शाळेच्या प्रवेश नोंदवहीतून, वर्षवार नावं काढा आणि प्रत्येक तुकडीचा एक संपर्क शोधा. नोकरीसाठी बाहेर गेलेले लोक गावच्या यात्रेला येतात, कोकणात गणपती-शिमग्याला. मेळावा तेव्हाच घ्या. एका तुकडीला एकच वस्तू सुचवा. शेतकऱ्यांकडे पीक विकून पैसे हातात आले की जा. पेरणीच्या तोंडावर मागणं बरं नाही.

पतसंस्था, दूध संस्था, साखर कारखाने यांची वार्षिक सभा साधारण ३० सप्टेंबरपर्यंत होते, म्हणून अर्ज जून-जुलैत द्या. सोबत ठराव आणि दरपत्रकं जोडा. कंपनीचा सीएसआर म्हणजे सामाजिक जबाबदारीचा निधी समितीच्या खात्यात थेट येईल अशी आशा धरू नका. तो बहुधा नोंदणीकृत संस्थेमार्फत किंवा वस्तूच्या रूपात मिळतो. आयकरात सूट हवी असणाऱ्या दात्यालाही ८०जी मान्यता असलेल्या संस्थेकडे पाठवा. समितीच्या पावतीवर ती सूट मिळत नाही. केंद्राच्या विद्यांजली पोर्टलवर यूडायस क्रमांकाने (शाळेचा सरकारी ओळख क्रमांक) शाळेची नोंद करून वस्तूंची मागणी टाकता येते.

काय टाळायचं

प्राथमिक शिक्षण मोफत आहे. वर्गणी प्रवेशाला, दाखल्याला किंवा निकालाला जोडणं बेकायदा आहे. ठरावीक रक्कम घरटी लावू नका, मुलांच्या हाती पैसे मागवू नका, न देणाऱ्यांची यादी कधीही करू नका. ज्याला पैसे जमत नाहीत तो रंगकामाला दोन दिवस श्रमदान करेल. त्याचंही नाव फलकावर त्याच आकाराच्या अक्षरांत लिहा.

हिशेब

१५ ऑगस्ट आणि २६ जानेवारीला झेंडावंदनानंतर जमा-खर्च मोठ्याने वाचा आणि कागद फलकावर लावा. विकत घेतलेली प्रत्येक वस्तू डेड स्टॉक रजिस्टरला (टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीला) चढवा, बिलाची प्रत दात्याला फोटोसह पाठवा.

शिल्लक ठेवलेल्या १२ हजारांना दुसऱ्या कामासाठी हात लावू नका. वीजबिल थकून जोडणी तुटली की टीव्ही शोभेचा होतो. बॅटरीत दर तीन-चार महिन्यांनी डिस्टिल्ड वॉटर लागतं आणि काही वर्षांनी बॅटरी बदलावीच लागते. वीजबिल, बॅटरीचं पाणी आणि नेटचा रिचार्ज ही तीन कामं समितीतल्या तिघांच्या नावावर ठरावात लिहून ठेवा.