पिशवीतला मासा कोणता, नर की मादी : नवे मासे ओळखण्याची रीत

शोभेच्या माशांच्या दुकानातून आणलेल्या पिशवीवर नाव लिहिलेले नसते, आणि दुकानदाराने तोंडी सांगितलेले नाव घरी पोहोचेपर्यंत आपण निम्मे विसरलेलो असतो. शिवाय ‘जोडी’ म्हणून हाती दिलेले दोन मासे खरोखरच एक नर आणि एक मादी असतील, याचीही खात्री नसते. ओळख चुकली की एकमेकांशी झुंजणारे दोन नर फायटर मासे एकाच टाकीत पडतात, बोटाएवढा म्हणून आणलेला, तोंडाने काचेला चिकटणारा सकर मासा वर्ष-दोन वर्षांत टाकी व्यापून बसतो आणि दोन गप्पी आणणाऱ्याच्या घरी महिन्याभरात पिल्लांची दाटी होते. म्हणून मासा मुख्य टाकीत सोडण्यापूर्वी, तो वेगळ्या छोट्या टाकीत असतानाच, त्याची ओळख पटवून घ्यावी.

सुरुवात दुकानातच करावी. नाव विचारताना त्याच दमात ‘पूर्ण वाढल्यावर हा केवढा होतो?’ हेही विचारावे, कारण बाजारातील नावे बरीच फसवी असतात. ‘शार्क’ म्हणून विकले जाणारे रुपेरी-काळे पिल्लू बहुधा पंगास असते. उपाहारगृहात ‘बासा’ या नावाने ताटात येतो तोच हा मासा, आणि तो मीटरभर वाढू शकतो. ‘पिऱ्हाना’ म्हणून मिळणारे लाल पोटाचे पिल्लू बहुतेक वेळा आपल्या मासळी बाजारातला रूपचंद असतो. पिऱ्हानाचे दात त्रिकोणी आणि धारदार असतात, तर रूपचंदाचे माणसाच्या दाढांसारखे चपटे असतात. काचेसारख्या पारदर्शक माशाच्या अंगावर किंवा पांढऱ्या विडो टेट्रावर भडक गुलाबी, हिरवा रंग दिसला, तर तो अनेकदा सुईने टोचून किंवा रंगात बुडवून दिलेला असतो. त्यावरून जात ठरवू नये, आणि माझे मत विचाराल तर असा मासा घेऊच नये.

घरी आल्यावर पिशवी पंधरा-वीस मिनिटे पाण्यावर तरंगत ठेवावी, मासा वेगळ्या टाकीत सोडावा आणि निदान एक दिवस त्याच्या वाटेला जाऊ नये. प्रवासाने घाबरलेल्या माशाचा रंग उडालेला असतो आणि पर अंगाशी मिटलेले असतात. अशा स्थितीत केलेली ओळख हमखास चुकते. दुसऱ्या दिवशी त्याला सपाट बाजूंच्या पारदर्शक डब्यात थोडा वेळ घ्यावे. गोल बरणी टाळावी, कारण तिच्यात आकार वेडावाकडा दिसतो. डब्यामागे पांढरा कागद धरून खिडकीच्या उजेडात मोबाइलवर बाजूने आणि वरून छायाचित्रे काढावीत. एक छोटी चित्रफीतही घ्यावी, म्हणजे क्षणभर उघडलेला पर नंतर सावकाश पाहता येतो.

आता रंग बाजूला ठेवून आकार पाहावा. पाठीवरचा पर आणि शेपटी यांच्यामध्ये नखाच्या कडेएवढा चिमुकला मांसल पर असेल आणि तोंडाशी मिशा नसतील, तर तो मासा बहुधा टेट्रांपैकी असतो. बार्ब आणि झेब्रा यांना हा पर नसतो. तळाशी फिरणारा, मिशा असलेला आणि अंगावर खवल्यांऐवजी कठीण पट्ट्या असलेला मासा कॉरिडोरास असतो. पोटाखालून दोन लांब दोरे लोंबत असतील आणि मासा त्यांनी पुढचे चाचपत असेल, तर तो गुरामी होय. वर वळलेले छोटे तोंड आणि पृष्ठभागाजवळ सतत चाललेली लगबग ही गप्पी, मॉली, प्लॅटी आणि स्वोर्डटेल या पिल्ले देणाऱ्या माशांची खूण आहे.

गट ठरला की त्यातल्या जुळ्या भासणाऱ्या जाती वेगळ्या कराव्यात. निऑन टेट्राचा लाल पट्टा अंगाच्या मध्यापासून शेपटीपर्यंतच असतो, तर कार्डिनलचा कल्ल्यांपासून शेपटीपर्यंत सलग जातो. प्लॅटी आणि स्वोर्डटेल यांच्या माद्या मात्र अनुभवी माणसालाही गोंधळात टाकतात, कारण बाजारातील बरेच वाण या दोन्हींच्या संकरातून आलेले असतात. तिथे ‘संकर’ एवढीच नोंद करून पुढे जावे.

नर-मादी ओळखणे सर्वांत सोपे जाते ते याच पिल्ले देणाऱ्या गटात. पाहायचा तो पोटाखालचा मागचा पर, म्हणजे गुदपर. मादीमध्ये तो उघडलेल्या पंख्यासारखा तिकोनी असतो. नरामध्ये तो अरुंद होऊन काडीसारखा बनतो, एरवी पोटाशी समांतर पडून राहतो आणि मादीजवळ जाताना झटकन पुढे वळतो. गप्पीच्या मादीत याच परापाशी पोटावर गडद डाग दिसतो आणि पिल्ले होण्याचे दिवस जवळ आले की तो अधिक काळा व मोठा होतो. डासांच्या अळ्यांसाठी महापालिकेचे लोक टाक्यांत आणि विहिरींत सोडतात, त्या साध्या गप्पींवरही ही खूण पडताळता येते: मोठ्या, करड्या त्या माद्या आणि त्यांच्यामागे धावणारे छोटे, ठिपकेदार ते नर. दोन सावधगिऱ्या मात्र बाळगाव्यात. अगदी लहान वयात सगळीच पिल्ले मादीसारखी दिसतात, आणि स्वोर्डटेलच्या काही नरांना शेपटीची तलवार बऱ्याच उशिरा फुटते. शिवाय एकटी आणलेली मादीही पिल्ले देऊ शकते, कारण ती नराचे शुक्राणू कित्येक महिने शरीरात साठवून ठेवते.

फायटरमध्ये लांब झुलते पर म्हणजे नर, हा सर्वसाधारण नियम आखूड परांच्या ‘प्लाकट’ वाणाला लागू पडत नाही. तिथे मादीच्या पोटाखाली, गुदपराच्या पुढे, मिठाच्या कणाएवढा पांढरा ठिपका शोधावा. क्षणभर आरसा दाखवला की नर कल्ले फुलवतो आणि त्याखाली दाढीसारखा गडद पडदा बाहेर येतो. मादीचा पडदा फारच छोटा असतो. आरसा एका मिनिटात काढून घ्यावा, मासा उगाच थकतो. गुरामीमध्ये पाठीवरचा पर टोकदार असेल तर नर आणि गोलसर असेल तर मादी. टायगर बार्बचा नर सडपातळ असून त्याचे नाक लालबुंद होते. झेब्रा माशाची मादी रुपेरी आणि पोटाला भरलेली असते. कॉरिडोरास वरून पाहावा, मादी रुंद दिसते.

गोल्डफिश वर्षाचा होईपर्यंत अंदाज बांधण्यात अर्थ नसतो. वीण हंगामात नराच्या कल्ल्यांवरच्या झाकणावर आणि पुढच्या परांच्या पहिल्या काट्यावर पांढरे बारीक पुटकुळे येतात. मी स्वतः अशा एका धडधाकट नराला चार दिवस ‘व्हाइट स्पॉट’चे औषध पाजले आहे. त्या रोगाचे ठिपके रवा भुरभुरावा तसे अंगभर आणि शेपटीवर विखुरतात, तर नराचे पुटकुळे ठरावीक जागी, रांगेत असतात. हा फरक तेव्हा माहीत असता तर त्या माशाचा त्रास वाचला असता.

एंजल माशाबाबत मात्र बाह्य खुणांवर कोणी छातीठोकपणे सांगू लागले, तर विश्वास ठेवू नये. अंडी घालण्याच्या वेळी पोटाखाली जी नळी बाहेर येते, ती नराची बारीक व टोकदार आणि मादीची जाड व बोथट असते. खात्रीची खूण ती एवढीच. दोन माद्याही जोडी जमवून अंडी घालतात आणि राखतात. अशी सगळी अंडी एक-दोन दिवसांत पांढरी पडली, तर तोही एक पुरावाच समजावा, मात्र एका वेळच्या अंड्यांवरून निकाल देऊ नये. जोडी हवी असेल तर पाच-सहा पिल्ले एकत्र वाढवून त्यांनाच जोडीदार निवडू द्यावा.

ओळख पटली की छायाचित्रासोबत तारीख, लांबी आणि आपला निष्कर्ष वहीत लिहून ठेवावा, शंका असेल तिथे प्रश्नचिन्ह टाकावे आणि महिन्याभराने पुन्हा पाहावे. सकर किंवा पंगास निघाला आणि टाकी अपुरी पडणार असे दिसले, तर तो दुकानात परत करावा, नदीत किंवा तलावात सोडू नये. उजनीच्या जलाशयात मच्छीमारांच्या जाळ्यात येऊ लागलेले सकर मूळचे आपल्याकडचे नाहीत, दक्षिण अमेरिकेतले आहेत.