पोलीस सोसायटीचं फुटेज, गेटचा डेटा मागायला आले तर काय करायचं

घणसोलीला आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी म्हणून माझं हे तिसरं वर्ष, पहिल्यांदा पोलीस आले तेव्हा मी घाबरून डीव्हीआरचा, म्हणजे कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठवणाऱ्या डब्याचा, पासवर्डच चिठ्ठीवर लिहून दिला, तसं अजिबात करू नका.

आधी मागितलेल्या वेळेचं फुटेज पेनड्राइव्हवर काढून ठेवा, पत्र यायचं असलं तरी, कारण डीव्हीआर भरला की जुनं आपोआप पुसलं जातं आणि ज्याची गाडी चोरीला गेलीय त्याचा पुरावाच जातो. काढून ठेवणं वेगळं, देणं वेगळं.

द्यायचं ते लेखी पत्रावरच. 1 जुलै 2024 पासून सीआरपीसी (फौजदारी प्रक्रियेचा जुना कायदा) गेलं, त्याच्या कलम 91 च्या जागी आता बीएनएसएसचं (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, त्याजागी आलेला नवा कायदा) कलम 94 आहे, ती नोटीस कोर्ट काढतं किंवा पोलीस स्टेशनचा प्रभारी अधिकारी, म्हणजे आपल्याकडे सिनियर पीआय (वरिष्ठ पोलीस निरीक्षक). ईमेलवर आली तरी चालते. हवालदारसाहेब नुसते तोंडी मागत असतील तर चहा द्या आणि सांगा, साहेब कॉपी तयार आहे, सिनियर साहेबांचं पत्र आलं की लगेच देतो. हुज्जत घालू नका, आणि रीतसर पत्र आल्यावर टाळाटाळ तर मुळीच नको, तो गुन्हा आहे.

पत्रात गुन्हा नंबर, तारीख, वेळ बघा. पार्किंगचं रात्री 11 ते 12 मागितलंय तर तेवढंच, सगळ्या फ्लॅटचं व्हिजिटर रजिस्टर, बायकापोरींचे नंबर, कोण कुणाकडे कधी आलं हे सोबत जाता कामा नये, लोकांनी ते आपल्यावर विश्वास ठेवून दिलेलं असतं.

तपास अधिकारी वॉरंटशिवायही झडती घेऊ शकतात, बीएनएसएस कलम 185, पण कारण आधी लिहून ठेवावं लागतं, आणि कलम 105 प्रमाणे झडती-जप्तीचं व्हिडिओ शूटिंग सक्तीचं आहे. डीव्हीआर उचलून नेला तर जप्तीच्या यादीवर मॉडेल आणि सीरियल नंबर आहे ना बघूनच सही करा.

आणि कुणी म्हणालं ओळखीतून जावयाचा सीडीआर (कुणाला कधी फोन केले त्याची नोंद) काढून देतो, तर हात जोडा. सीडीआर मागायला एसपी किंवा डीसीपी दर्जाचा अधिकारी लागतो, 2018 मध्ये ठाणे पोलिसांनी असं विकणारं रॅकेट पकडलं होतं, खासगी डिटेक्टिव्ह आत गेले होते.

फुटेज देताना भारतीय साक्ष्य अधिनियम (पुराव्याचा नवा कायदा) कलम 63 चं सर्टिफिकेट लागतं, त्यातला भाग अ आपण भरायचा, हॅश व्हॅल्यूसकट (फाइलमध्ये बदल झाला नाही हे दाखवणारा कोड), कॅमेरेवाल्याला बोलावून काढून घ्या. पत्राच्या झेरॉक्सवर पोच घ्या, सही, बक्कल नंबर, तारीख, आणि फाइलला लावा, पुढच्या सेक्रेटरीला कोर्टात बोलावलं तर तेच कामाला येईल.