पोस्टग्रेस रिस्टार्ट करण्याआधीची तयारी

पोस्टग्रेस म्हणजे डेटाबेस चालवणारं सॉफ्टवेअर. सगळ्यात आधी रिस्टार्ट खरंच लागणार आहे का ते बघा. बरीच सेटिंग्ज नुसत्या रिलोडने (सेवा न थांबवता कॉन्फिग फाइल पुन्हा वाचायला लावून) लागू होतात आणि एकही कनेक्शन तुटत नाही. ‘वर्क_मेम’ (सॉर्टसारख्या एका कामाला मिळणारी मेमरी) त्यातलंच, ‘शेअर्ड_बफर्स’ (डेटाबेसची सामायिक मेमरी) मात्र रिस्टार्टशिवाय बदलत नाही. ‘पीजी_सेटिंग्ज’ व्ह्यूमधल्या (क्वेरीने बघता येणाऱ्या सेटिंग्जच्या तक्त्यातल्या) ‘कॉन्टेक्स्ट’ रकान्यात ‘पोस्टमास्टर’ लिहिलेलं असेल, तरच पुढची तयारी करायची.

कॉन्फिग फाइलची जुनी प्रत बाजूला ठेवा. मग डेटाबेस चालू असतानाच ‘पीजी_फाइल_सेटिंग्ज’मधला ‘एरर’ रकाना वाचा. फाइलमधली चूक तिथे दिसली तर दोन मिनिटांत दुरुस्त होते. सेवा बंद केल्यावर कळली तर ती वर येतच नाही आणि तोवर साइट बंद. मेमरीचा आकडा रॅमला झेपतो का, हे मात्र तिथे कळेलच असं नाही. तो हिशेब आपणच करायचा.

आता सेवेचं नाव. डेबियन आणि उबुंटू या लिनक्सवर इथेच सर्वांत जास्त फसगत होते, म्हणून जरा थांबून वाचा. ‘सिस्टमसीटीएल स्टेटस पोस्टग्रेसक्यूएल’ केलं की हिरव्या अक्षरांत ‘अ‍ॅक्टिव्ह (एक्झिटेड)’ दिसतं आणि सगळं ठीक आहे असं वाटतं. ही सेवा नुसती वरची खोळ आहे. खरा डेटाबेस ‘पोस्टग्रेसक्यूएल@15-मेन’ अशा नावाने चालतो: आधी आवृत्ती, मग क्लस्टरचं (एका सर्व्हरखाली चालणाऱ्या डेटाबेसच्या संचाचं) नाव. तो बंद पडलेला असतानाही वरची हिरवी ओळ तशीच राहू शकते. म्हणून ‘पीजी_एलएसक्लस्टर्स’ चालवा, कोणता क्लस्टर कोणत्या पोर्टवर आहे ते लिहून घ्या आणि पूर्ण नावानेच कमांड द्या. एका मशीनवर दोन आवृत्त्या असतील तर आखूड नावाने दोन्ही एकदम रिस्टार्ट होतात.

‘पीजी_स्टॅट_अ‍ॅक्टिव्हिटी’ (आत्ता कोणतं कनेक्शन काय करतंय ते दाखवणारा व्ह्यू) बघितल्याशिवाय हात लावू नका. बॅकअप चालू असेल, एखादं मोठं अपडेट अर्ध्यावर असेल, तर थांबा. फास्ट शटडाउनमध्ये (चालू कनेक्शन तोडून बंद करण्याच्या पद्धतीत) चालू ट्रान्झॅक्शन रोलबॅक होतात, म्हणजे त्यांचे अर्धवट बदल रद्द होतात. डेटा शाबूत राहतो, पण कुणाचं तरी तासाभराचं काम वाया जातं आणि ते माणूस दुसऱ्या दिवशी आपल्यालाच विचारतं. संबंधितांना आधी कळवा.

एसएसएच (मशीनशी दुरून जोडणारं कनेक्शन) तुटलं तरी काम चालू राहावं म्हणून टीमक्स हा टर्मिनल प्रोग्रॅम उघडा. दुसऱ्या खिडकीत पोस्टग्रेसचा लॉग ‘टेल -एफ’ने (नवी ओळ येईल तशी दिसेल असा) चालू ठेवा. ‘होस्टनेम’ टाकून आपण योग्य मशीनवर आहोत ना, तेही बघा. आधी ॲप थांबवा, मग हाताने ‘चेकपॉइंट’ द्या. मेमरीतले बदल आधीच डिस्कवर गेले की बंद व्हायला कमी वेळ लागतो. तरीही वेळ लागला तर धीर धरा. ‘किल -९’ला हात लावू नका, त्याने सेवा लगेच पडते खरी, पण पुन्हा सुरू होताना क्रॅश रिकव्हरीत (अर्धवट राहिलेले बदल नोंदींवरून पुन्हा जुळवण्यात) अडकते, आणि वाचवलेल्या वेळेपेक्षा जास्त वेळ तिथे जातो.

सुरू केल्यावर ‘पीजी_एलएसक्लस्टर्स’मध्ये ‘ऑनलाइन’ दिसायला हवं आणि लॉगमध्ये कनेक्शन घ्यायला तयार असल्याची ओळ. ‘शो शेअर्ड_बफर्स’ने नवा आकडा लागू झालाय का ते तपासा. मगच ॲप सुरू करा, आणि एक खरी नोंद घालून बघा.