माणूस काढायला शिकताय? आधी बसलेला माणूस काढा

मानवाकृतीचा सराव म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे उभा माणूस येतो. साडेसात डोक्यांचा (म्हणजे उंची डोक्याच्या साडेसात पट), हात खाली सोडलेला, दोन्ही पायांवर सारखा भार टाकून उभा. पुस्तकंही तिथूनच सुरू होतात. मी परभणीत चित्रकलेच्या शिकवण्या घेते आणि नवीन येणाऱ्यांना उलट्या टोकाने सुरुवात करायला लावते. आपल्या मराठवाड्यात दिवसाभरात माणूस नुसता ताठ उभा असतो तरी किती वेळ? खुरपणी उकिडवं बसून होते. भाकरी बसून थापल्या जातात. बाजारात भाजीवाली मावशी पोत्यावर बसते, पारावरचे आजोबा एक गुडघा उभा करून बसतात, बसस्टँडवर बाकडं रिकामं असलं तरी निम्मी माणसं गाठोड्याला टेकून खाली बसलेली असतात. ही माणसं काढता आली नाहीत, तर उभ्या आकृत्यांनी भरलेल्या वह्यांचा मला फारसा उपयोग दिसत नाही. शिवाय बसलेला माणूस पटकन हलत नाही. नवशिक्याला याहून मोठी सोय कोणती?

पायरी पहिली: साहित्य

यात फार वेळ घालवू नका. हातात सहज मावेल अशी कोरी वही, एक ४बी, म्हणजे मऊ आणि गडद, पेन्सिल आणि एक साधं बॉलपेन. खोडरबर घरी ठेवा. खोडायची सोय असली की हात एकाच रेषेवर अडकून राहतो आणि समोरचा माणूस तोवर उठून जातो. चुकलेली रेषा तशीच राहू द्या, तिच्या शेजारी दुसरी ओढा. एप्रिल-मे महिन्यात तळहाताच्या घामाने कागद ओला होतो, म्हणून हाताखाली कागदाचा एक तुकडा ठेवावा. त्या दिवसांत पेन्सिलीपेक्षा बॉलपेन बरं, पुसटत नाही.

पायरी दुसरी: घरापासून सुरुवात

घड्याळ लावून एक-दोन मिनिटांची चित्रं काढण्याचा सराव जगभर करतात. आपल्याकडे त्याला घड्याळही लागत नाही. घरात चुलीपुढे किंवा खाली शेगडीपुढे बसून कुणी भाकरी थापत असेल, तर समोर नव्हे, थोडं बाजूला बसा. एक भाकर थापून तव्यावर पडेपर्यंत एक चित्र, असा नियम ठेवा. साधारण दीड-दोन मिनिटं मिळतात.

पहिल्या भाकरीला फक्त पाठीची रेषा काढा, माकडहाडापासून मानेपर्यंत. थापताना ती पुढे झुकते आणि तव्याकडे हात गेला की एका बाजूला कलते. दुसऱ्या भाकरीला खांदे बघा. उजव्या हाताने थापताना उजवा खांदा खाली-वर होतो, डावा परातीतली भाकर फिरवण्यापुरताच हलतो. मग एकच क्षण निवडा. थापलेली भाकर दोन्ही तळव्यांवर उचलली जाते, तेव्हा कोपरं अंगापासून सुटतात, मान किंचित मागे जाते आणि सगळा भार बैठकीवर येतो. हा क्षण दर भाकरीला परत येतो. तो येईपर्यंत थांबा. आला की त्यातला एकच भाग टिपा: एकदा कोपर, एकदा मनगट, एकदा मान. परात रिकामी होईपर्यंत एक पुरी आकृती उभी राहते, आणि ती अंदाजाने काढलेली नसते.

घरी ओट्यावर स्वयंपाक होत असेल तरी हरकत नाही. विळीवर भाजी चिरणारी आई, वाती वळणारी आजी, डाळ निवडणारी काकू यांतली एखादी तरी बैठक घरात सापडतेच. विळीची बैठक मला फार आवडते. एक पाय पाटावर दाबलेला, दुसरा गुडघा वर आलेला, दोन्ही हात मध्यभागी पात्याजवळ. सगळ्या रेषा एका ठिकाणी जमतात.

पायरी तिसरी: उकिडवी बैठक, सावकाश

इथे घाई करू नका. उकिडवा माणूस नीट बसवता आला की बाकीच्या बैठका सोप्या जातात.

उकिडवं बसल्यावर अंगाचा सगळा भार दोन पावलांवर असतो. कंबर टाचांच्या मागे जाते, म्हणून तोल राखायला धड पुढे झुकतं आणि हात गुडघ्यांच्या पुढे येतात. हात पुढे असतात ते काम करायला, तसेच मागे पडू नये म्हणूनही. त्यामुळे काढण्याचा क्रम असा ठेवा. आधी जमीन, म्हणजे एक आडवी रेघ. तिच्यावर पावलं. पावलांच्या मधोमध एक हलकी उभी रेघ वर न्या. धडाचा मोठा भाग या रेघेच्या मागे असेल, तर डोकं, गुडघे आणि हात पुढे असले पाहिजेत. दोन्हीकडचा भार सारखा वाटतो का ते बघा. चित्रातला माणूस मागे पडतोय असं वाटलं, तर डोकं किंवा हात पुरेसे पुढे आलेले नाहीत, हे नक्की समजा. चेहरा कितीही छान काढा, त्याने हे झाकलं जात नाही.

मग गुडघे. ते जवळजवळ काखेपर्यंत येतात. नवशिके त्यांना फार खाली ठेवतात, कारण मनातला उभा माणूस सुटत नाही. पेन्सिल हात लांब करून समोर धरा आणि एका डोळ्याने मापा. उभा माणूस साडेसात डोक्यांचा धरला, तर खुर्चीवर बसलेला सहाच्या आसपास भरतो आणि जमिनीवर मांडी घालून ताठ बसलेला चारच्या आसपास. उकिडवाही तेवढाच भरतो, किती पुढे झुकला यावर थोडं कमी-जास्त. ही मापं पाठ करायला नाहीत, पडताळायला आहेत.

शेवटी मोकळ्या जागा. मांडी आणि पोटरीमधली फट, हात आणि गुडघ्यामधला त्रिकोण. हे आकार अवयवांपेक्षा अचूक काढता येतात, कारण त्यांच्याबद्दल मनात आधीपासून काही ठसलेलं नसतं.

मांडी घातलेली आकृती समोरून अवघड आहे. मांड्या आपल्याकडे येतात आणि आखूड दिसतात. दोन गुडघे आणि बैठक यांचा जमिनीवरचा त्रिकोण आधी आखा, धड त्यावर ठेवा. सुरुवातीला तिरप्या बाजूनेच बसलेलं बरं.

पायरी चौथी: बाजारात

आठवडी बाजारात सकाळी लवकर जा. तेव्हा मंडळी माल मांडून निवांत बसलेली असतात. दुपारी ऊनही असतं आणि गिऱ्हाईकही. दूरून लपूनछपून काढू नका. जवळ जा, नमस्कार करा, विचारा, "मावशी, तुमचं चित्र काढू का?" बहुतेक वेळा उत्तर येतं, "माझं काय काढायलीस माय, त्या म्हातारीचं काढ." हा नकार नाही. पण कुणी पदर पुढे ओढला किंवा तोंड फिरवलं, तर तो नकार आहे. वही मिटून पुढे चालू लागा. मोबाइलवर फोटो काढून घरी उतरवणं तर नकोच. फोटो माणसाचा एक क्षण थिजवतो आणि वजन कुठे आहे ते नेमकं लपवतो.

चित्र झालं की दाखवा. लोकांची नजर फार तयार असते. "खांदा लई वर गेला" असं कुणी म्हटलं तर वाद न घालता परत बघा. रोज भार उचलणाऱ्याला खांद्याचं कळतं.

कपड्याचं थोडक्यात सांगते. घड्या कुठूनही फुटत नाहीत. कापड जिथे ताणलं जातं तिथून त्या निघतात: गुडघा, कंबर, कोपर, खांदा. धोतर नेसून बसलेल्या आजोबांच्या गुडघ्यावर कापड ताठ असतं आणि दोन गुडघ्यांमध्ये झोळीसारखं लोंबतं. नऊवारीत काष्ट्यामुळे मांडीचा आकार स्पष्ट दिसतो, सहावारीत तो झाकतो. आधी अंग, मग ताणाची ठिकाणं, मग तिथून निघणाऱ्या मोजक्या घड्या. दिसतात तेवढ्या सगळ्या काढल्या तर आत माणूस उरत नाही.

पायरी पाचवी: वेरूळ आणि अजिंठ्याला, वही घेऊन

इतका सराव झाल्यावर लेण्यांना जा, आधी नको. आधी गेलं की माणूस भव्यतेने दडपतो. उकिडवं आणि मांडी काढून दमलेला हात घेऊन गेलात, तर ते कारागीर काय सोडवत होते ते कळायला लागतं.

वेरूळ छत्रपती संभाजीनगरहून तीसएक किलोमीटरवर आहे. मंगळवारी लेणी बंद असतात. ३४ लेणी एका दिवसात बघायचा हट्ट सोडा, तीन जागा निवडा. लेणे ३२, जैन लेण्यांतली इंद्रसभा, इथून सुरुवात करा. वडाखाली हत्तीवर बसलेला पुरुष आणि आंब्याखाली सिंहावर बसलेली अंबिका, दोघांचाही एक पाय दुमडलेला आणि एक खाली सोडलेला. पाय सोडला की कंबर कलते, कंबर कलली की धड दुसऱ्या बाजूला सावरतं. एसटीच्या बाकड्यावर एक पाय वर घेऊन बसलेल्या माणसाचंही हेच होतं. मग लेणे २१, रामेश्वर. दर्शनी भागातली मकरावर, म्हणजे मगरीसारख्या काल्पनिक प्राण्यावर, उभी गंगा काढा. डोकं, धड आणि कंबर तीन दिशांना कलूनही ती स्थिर वाटते, कारण भार एका पायावर नेमका पेलला आहे. उभी आकृती शिकायला याहून चांगली जागा मला माहीत नाही.

तिसरी जागा कैलास, लेणे १६. कैलास पर्वत हलवणारा रावण मंदिराच्या दक्षिण अंगाला, खाली आहे. तो बसलेलाच आहे. पर्वताखाली गुडघे टेकवून अनेक हातांनी जोर लावतोय. वर पार्वती शंकराच्या हाताला बिलगली आहे आणि तिच्यामागे एक दासी घाबरून पळतेय. या एका शिल्पात ढकलणं, बिलगणं आणि पळणं अशा तीन हालचाली आहेत. दासीच्या पाठीची एकच रेषा काढून बघा, ती पळताना दिसते का. वेरूळची लेणी पश्चिमाभिमुख असल्यामुळे दुपारनंतर आत उजेड शिरतो. इंद्रसभेत मोकळा चौक असल्यामुळे तिथे सकाळीही काम होतं, तेव्हा रामेश्वर दुपारनंतर ठेवलेलं चांगलं.

अजिंठा शंभरेक किलोमीटरवर, सोमवारी बंद. फर्दापूर फाट्यावर गाडी सोडून तिथल्या बसने लेण्यांपर्यंत जावं लागतं. चित्रं असलेल्या लेण्यांत उजेड मंद असतो आणि फ्लॅशला बंदी आहे, असायलाच हवी. डोळे सरावायला काही मिनिटं द्या. लेणे १ मधला पद्मपाणी, म्हणजे हातात कमळ घेतलेला बोधिसत्त्व, सगळेच बघतात. तुम्ही त्याच्या आजूबाजूच्या भिंतींवर बसलेली माणसं बघा: मंडपात टेकलेले राजे, त्यांच्या पायाशी बसलेल्या सेविका, मान वळवून कुजबुजणारे लोक. लेणे १७ मध्येही अशा बैठका भरपूर आहेत. या चित्रकारांनी माती, भुसा आणि तंतूंच्या गिलाव्यावर चुन्याचा हात देऊन आधी गेरूच्या रेषेने आकृती बसवली, रंग भरले आणि शेवटी पुन्हा रेषा ओढली. रंग उडालेल्या ठिकाणी रेषा नीट दिसते. खांद्यापासून मनगटापर्यंत ती कुठे जाड होते, कुठे बारीक होते ते बघा. शिकण्यासारखं आहे ते तिथेच.

आत गर्दीत फार वेळ उभं राहता येत नाही. म्हणून आत बघा आणि बाहेर येऊन आठवणीने काढा. लेणे १९ च्या बाहेरचा नागराजा मात्र उजेडात आहे. राणीशेजारी एक पाय आसनावर घेऊन निवांत बसलेला. तो समोर बसून सावकाश काढता येतो. नक्कल करण्यात कमीपणा नाही. १८७२ पासून जॉन ग्रिफिथ्स या ब्रिटिश कलाशिक्षकांनी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांना घेऊन अनेक वर्षं इथल्या चित्रांच्या प्रती केल्या. त्यांतल्या पुष्कळ प्रती १८८५ मध्ये लंडनच्या आगीत जळाल्या, पण ते काम करताना त्या विद्यार्थ्यांचा हात इथल्या भिंतींसमोर घडला होता.

लांब जाणं जमत नसेल तर तेरचं रामलिंगप्पा लामतुरे वस्तुसंग्रहालय, औंढ्याच्या नागनाथ मंदिराच्या बाहेरच्या भिंती किंवा धाराशिवची लेणी जवळ करा. तेरला भाजक्या मातीच्या बोटभर मूर्ती आहेत. एवढ्याशा आकारात बैठक कशी सांगायची, हे त्यांच्याकडून शिकावं.

पायरी सहावी: रात्रीचं पान

रोज झोपण्यापूर्वी दिवसातली एक बैठक आठवणीने काढा. शाळेतल्या चित्रकलेच्या ग्रेड परीक्षांच्या स्मरणचित्रासाठी आपण सगळ्यांनीच ठरावीक माणसं पाठ केलेली असतात: पाठमोरी टोपलीवाली, छत्रीवाला, फुगेवाला. त्यांना सध्या बाजूला ठेवा. आज पाहिलेला माणूस, आज जिथे पाहिला ती जागा, पानाच्या कोपऱ्यात तारीख आणि गाव. जे आठवलं नाही तिथे रेघ न ओढता जागा कोरी ठेवा. दुसऱ्या दिवशी बाजारात तेवढंच बघून या. कोपर आठवलं नसेल तर दिवसभर फक्त कोपरं.

पायरी सातवी: दोन माणसं

एक आकृती बसायला लागली की दोन एकत्र घ्या. पारावर गप्पा मारणारे दोघे, किंवा जात्यावर समोरासमोर बसलेल्या जावा. इथे आधी दोघांमधली मोकळी जागा काढा, मग माणसं. ती जागा वर रुंद आहे की खाली, यावरूनच बोलणं चाललंय की अबोला आहे ते कळतं. दोघांची जमीन एकच रेघ नसते. जवळच्याची पावलं पानावर खाली येतात, लांबच्याची थोडी वर.

याच्या सरावाला जत्रेसारखी जागा नाही. पैठणची नाथषष्ठी फाल्गुनात असते, नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावची खंडोबाची यात्रा मार्गशीर्षात. माळेगावला जनावरांचा मोठा बाजार भरतो. मुख्य दिवसाच्या आदल्या दिवशी पोहोचा. गर्दी चढायच्या आत व्यापारी घोड्यांना वैरण टाकून शेजारी उकिडवे बसलेले असतात. त्यांना वेळ असतो आणि घोडाही दावणीला असतो. आधी घोड्याचे चार खूर आणि माणसाची दोन पावलं, असे सहा टेकू जमिनीवर मांडून घ्या, आणि मग वर चढा.