ताकदवान फॅमिली वॅगन: पेट्रोलचा आणि देखभालीचा खर्च कसा मोजावा, कसा आटोक्यात ठेवावा

सहाशे अश्वशक्तीची स्टेशन वॅगन दारात उभी राहिली की पहिला प्रश्न येतो, ‘ॲव्हरेज किती देते?’ प्रश्न रास्त आहे, पण त्याने अर्धाच हिशोब होतो. पेट्रोलचा खर्च दर आठवड्याला डोळ्यांसमोर असतो. टायर, ब्रेक आणि सर्व्हिसिंगचा खर्च मात्र मध्येच एकदम अंगावर येतो आणि नियोजन कोलमडतं ते त्यामुळेच. म्हणून हे सगळे खर्च एकाच मापात आणायचे: दर शंभर किलोमीटरला किती लिटर पेट्रोलच्या किमतीइतके.

आधी ॲव्हरेज नीट मोजा

डॅशबोर्डवरचा आकडा म्हणजे इंजेक्टरमधून किती इंधन गेलं असावं, याचा संगणकाने बांधलेला अंदाज. तो बहुतेक वेळा वस्तुस्थितीपेक्षा गोड असतो. खात्रीची पद्धत एकच: टाकी फुल ते टाकी फुल. शक्यतो त्याच पंपावर, गाडी सपाट जागी उभी करून भरा. नोझल पहिल्यांदा आपोआप बंद झाला की थांबा. त्यानंतर आणखी दाबून भरलेलं पेट्रोल वाफ शोषणाऱ्या कोळशाच्या डब्यात शिरतं. तो डबा एकदा भिजला की इंजिन लाइट लागतो, आणि हिशोबही चुकतो तो वेगळाच.

एका टाकीवरून निष्कर्ष काढू नका, चार टाक्यांची बेरीज घ्या. समजा 1,840 किलोमीटरला 228.6 लिटर लागले, तर शंभर किलोमीटरला 12.4 लिटर, म्हणजे लिटरला जेमतेम 8 किलोमीटर. यातला पहिला आकडा वहीत लिहा. लिटरला किती किलोमीटर, हे माप जास्त पिणाऱ्या गाड्यांच्या बाबतीत फसवं ठरतं. 14 वरून 15 वर गेलात तर शंभर किलोमीटरला अर्धा लिटरही वाचत नाही. 7 वरून 8 वर गेलात तर पावणेदोन लिटरहून जास्त वाचतं. अशा वॅगनमध्ये छोटी सुधारणा मोठी ठरते ती यामुळे.

टायर नवे असताना आणि झिजल्यावर आलेल्या आकड्यांची तुलना करताना थोडं भान ठेवा. 275/35 आर 21 मापाच्या टायरची नक्षी 8 मिमीवरून 2 मिमीवर आली की व्यास सुमारे दीड टक्क्याने घटतो आणि ओडोमीटर तेवढं जास्त अंतर दाखवतो.

पेट्रोल जातं कुठे

सव्वादोन टनांच्या आसपासची भरलेली वॅगन ताशी 120 किलोमीटरला सपाट रस्त्यावर धरून ठेवायला साधारण 35 अश्वशक्ती पुरतात. सहाशेच्या इंजिनाला हे म्हणजे सहा टक्क्यांच्या आसपास काम. मोठं इंजिन इतक्या कमी भारावर चालतं तेव्हा त्याची बरीच ऊर्जा अर्धवट मिटलेल्या थ्रॉटलमधून (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपेतून) हवा ओढण्यात आणि अंतर्गत घर्षणात जाते. काही व्ही-8, म्हणजे आठ सिलिंडरची इंजिनं हलक्या भारावर चार सिलिंडर बंद करतात, ते याचसाठी. ॲक्सिलरेटर स्थिर आणि हलका ठेवलात तरच ही सोय टिकते. पाय सतत खालीवर होत असेल तर सगळे सिलिंडर पुन्हा जागे होतात.

दुसरं टोकही पाहा. पूर्ण ॲक्सिलरेटर दाबल्यावर असं इंजिन मिनिटाला पावणेतीन लिटरच्या आसपास पेट्रोल पितं. 73 लिटरची टाकी अर्ध्या तासाच्या आत रिकामी व्हावी इतकं. टर्बो आणि एक्झॉस्ट अति तापू नयेत म्हणून बऱ्याच इंजिनांत या अवस्थेत मिश्रणात जादा पेट्रोल सोडलं जातं. म्हणजे शेवटच्या इंचाचा दाब सर्वात महाग असतो. ओव्हरटेक करताना तीन चतुर्थांश दाबावर काम भागत असेल तर तेवढ्यावरच थांबावं.

हायवेवर वेग हाच खर्च. ताशी 110 ऐवजी 130 ने गेलात तर हवेचा विरोध 40 टक्क्यांनी वाढतो. छतावर सामानाचा बॉक्स असेल तर त्यात आणखी भर पडते. वॅगनची डिकी मोठी असते ती वापरा. बॉक्स आणि आडवे बार, दोन्ही प्रवास संपला की उतरवून ठेवा. नुसते बारसुद्धा हवा अडवतात आणि आवाज करतात.

थंड इंजिनावर दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्या मारल्या तर खप शंभर किलोमीटरला सहज वीस लिटरच्या पुढे जातो. छोटी कामं एका फेरीत जोडून घेणं हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे.

ऑक्टेनच्या, म्हणजे पेट्रोल अवेळी पेटण्याला किती रोखतं त्या आकड्याच्या बाबतीत पेट्रोलच्या झाकणामागचं स्टिकर वाचा. 98 सांगितलं असेल आणि 95 भरलंत तर बहुतेक इंजिनं नॉक सेन्सरच्या (असं अवेळी पेटणं ओळखणाऱ्या सेन्सरच्या) इशाऱ्यावर ठिणगी उशिरा पाडून स्वतःला सांभाळतात, पण ताकद आणि ॲव्हरेज दोन्ही घटतात. उलट 95 वर समाधानी असलेल्या इंजिनात महाग पेट्रोल ओतून फारसं काही हाती लागत नाही.

टायर, ब्रेक, ऑइल

इथे खरी बचत आहे. हवा महिन्यातून एकदा, टायर थंड असताना तपासा. दाराच्या खांबावर किंवा पेट्रोलच्या झाकणामागे दोन दाब दिलेले असतात: हलक्या गाडीसाठी एक आणि पूर्ण भरलेल्या गाडीसाठी एक. कुटुंब आणि सामान घेऊन निघताना बहुतेक जण दुसरा दाब विसरतात, आणि मग मागचे टायर दोन्ही कडांनी झिजतात. फक्त आतली कड झिजत असेल तर दोष ॲलाइनमेंटचा. ती कड उभ्याने दिसत नाही, हात आत घालून चाचपून पाहावी लागते. बाहेरून नक्षी छान आणि आतून तारा उघड्या पडलेल्या, अशी स्थिती या गाड्यांत खरोखर होते.

ऑल-व्हील ड्राइव्ह असेल तर चारही टायर एकाच कंपनीचे, एकाच नक्षीचे आणि जवळपास सारखे झिजलेले हवेत. नक्षीतला 3 मिमीचा फरक व्यासात 6 मिमी होतो. मग पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणारं मधलं डिफरन्शियल किंवा क्लच सरळ रस्त्यावरही सतत घसरत राहतं आणि तापतं. एकच टायर फाटला आणि बाकीचे अर्धे झिजलेले असले, तर चारही बदलणं नंतरच्या दुरुस्तीपेक्षा स्वस्त पडतं.

ब्रेक डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते. ती व्हर्निअरने मोजा, नजरेने ठरवू नका. ब्रेक फ्लुइड दर दोन वर्षांनी बदला.

ऑइलची पातळी दर हजार किलोमीटरला पाहा. काही उत्पादक हजार किलोमीटरला अर्ध्या लिटरपर्यंतचा वापर सामान्य मानतात, म्हणजे पुढच्या सर्व्हिसिंगची वाट पाहत बसणं धोक्याचं. पातळी उलट वाढलेली दिसली किंवा काडीला पेट्रोलचा वास आला, तर छोट्या फेऱ्यांमुळे ऑइलमध्ये पेट्रोल मिसळतंय; ते लगेच बदला. टर्बोचे बेअरिंग याच ऑइलवर जगतात. थेट इंजेक्शनच्या इंजिनात पेट्रोल सरळ सिलिंडरमध्ये सोडलं जातं, म्हणून हवा आत घेणाऱ्या व्हॉल्व्हवर काजळी साचते, कारण पेट्रोल त्यांना धूत नाही. थंडपणी अडखळत चालणं हे तिचं एक लक्षण.

गिअरबॉक्सचं ऑइल ‘आयुष्यभराचं’ असं सांगितलं जातं, त्यावर विसंबू नका. ‘8एचपी’ नावाचा आठ गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ कंपनी स्वतःच 80,000 ते 1,20,000 किलोमीटर किंवा 8 वर्षांनी ते बदलायला सांगते. त्यात फिल्टर प्लास्टिकच्या तळातच बसवलेला असतो, म्हणून अख्खा तळ बदलावा लागतो.

आता बेरीज

प्रत्येक खर्चाची रक्कम पेट्रोलच्या दराने भागा, म्हणजे लिटर मिळतील. त्यांना तो भाग किती किलोमीटर टिकला याने भागा आणि शंभराने गुणा. नमुन्यादाखल धरू: टायरचा संच 700 लिटरच्या किमतीचा, 25,000 किलोमीटर टिकणारा, म्हणजे 2.8. ब्रेक 900 लिटर, 50,000 किलोमीटर, 1.8. सर्व्हिसिंग 400 लिटर, 15,000 किलोमीटर, 2.7. गिअरबॉक्स ऑइल 350 लिटर, 80,000 किलोमीटर, 0.4. पेट्रोलचे 12.4 मिळवले की एकूण 20.1. आकडे तुमच्या गाडीचे घाला, रीत हीच.

वर्षाला 6,000 किलोमीटरच चालवत असाल तर सर्व्हिसिंग किलोमीटरवर नाही, तारखेवर होतं: 400 लिटर भागिले 6,000, म्हणजे 6.7, आणि बेरीज 24 च्या वर. कमी चालवली म्हणून दर किलोमीटरला स्वस्त पडेल, हा समज इथे उलटा पडतो. विमा, कर आणि घसारा या बेरजेत घालू नका. ते गाडी उभी असली तरी लागतात, त्यांचं पान वेगळं ठेवा. वरच्या बेरजेतून पेट्रोल वजा केल्यावर उरणारी रक्कम मात्र दर टाकीसोबत बाजूला काढा: 500 किलोमीटरच्या टाकीमागे, नमुन्यातल्या आकड्यांनुसार, साडेअडतीस लिटरची किंमत.